आधी उतरणारे

आमच्या केनवडचा प्रसेनजित समुद्रावरच्या पर्यटन जहाजात कामाला आहे. वरच्या मजल्यावरच्या महागड्या खोल्यांची सरबराई त्याच्याकडे. पाहुण्यांच्या बॅगा भरायच्या, कपड्यांना इस्त्री करायची आणि बंदर आलं की त्यांच्यासाठी लिफ्ट अडवून धरायची. त्या खोल्यांतले लोक रांगेशिवाय, सगळ्यांच्या आधी उतरतात. पैसेच त्याचे मोजलेले असतात.

मागच्या साली त्याचे वडील माणिकराव गेल्याचा फोन गेला, त्याच सकाळी जहाज बंदराला लागलं. साहेबाने सुट्टी दिली, पण पाहुणे उतरल्यावर! कोणाची टोपी खोलीत राहिली, कोणाला फोटो काढायचा होता. प्रसेनजित लिफ्टचं दार हाताने धरून हसत उभा राहिला. त्याचं घरी यायचं विमान सुटून गेलं. इकडे आम्ही माणिकरावांना दोन दिवस बर्फाच्या पेटीत ठेवलं आणि शेवटी पुतण्याच्या हातून माती उरकली.

परवा चहाच्या टपरीवर एका दीडशहाण्याने त्याला विचारलं, "का रे, लोकं त्या खोलीचे एवढे पैसे देतेत, वसूल होतेत का?"

त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं. प्रसेनजितने कप खाली ठेवला.

"होतेत ना," तो म्हणाला. "त्या दिवशी माह्या लिफ्टमधल्या एकाचंबी विमान चुकलं नाई."