नेने भावजींचा नामंजूर ट्रेड

परवा नातीचा फोन आला. ती आणि तिच्या मैत्रिणी फँटसी फुटबॉल खेळतात... "आजी, तू पूर्वी जज होतीस ना? मग हा ट्रेड फेअर आहे का सांग." नंतर सांगते म्हणून फोन ठेवला.

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, शुगर लँडला होतो. ह्यांच्या ऑफिसातल्या आठ जणांनी एक लीग काढली होती. खरे खेळाडू कागदावर वाटून घ्यायचे आणि पेपरात छापलेल्या आकड्यांवरून पॉइंट्स मोजायचे. एकदा घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षं आपलाच... त्यामुळे ट्रेडवरून, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीवरून, वाद फार.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणूनच मला जज केलं. लीगची वहीही माझ्याकडेच, कॉन्व्हेंटचं अक्षर म्हणून. माझी कसोटी शाळेतल्या सिस्टरांची होती. खाऊ वाटला की त्या विचारायच्या, तुला तिचा वाटा हवाय का? दोघीही नको म्हणाल्या की वाटणी बरोबर.

एका ऑगस्टमध्ये नेने भावजी आले. ह्यांचे कॉलेजपासूनचे मित्र, लीगमधल्या आठांपैकीच एक. खूप वाळले होते, डाएट करतोय म्हणाले. त्यांना त्यांचा बावीस वर्षांचा गुणी खेळाडू आम्हाला देऊन आमचे तिशी उलटलेले दोन घ्यायचे होते. बाकीचे म्हणाले, ही तर लूट आहे.

मी दोघांनाही विचारलं. ह्यांना बदल्यात मिळणारा मुलगाच हवा होता, भावजींना ते दोन म्हातारेच. माझ्या नियमाने तिथेच मिटायला हवं होतं... पण मला वाटलं, भावजी मैत्रीच्या भिडेखातर बोलताहेत. मी वहीत 'नामंजूर' लिहिलं. वर सगळ्यांदेखत ह्यांना म्हटलं, मित्राला असं फसवतात का? हे काहीतरी बोलणार होते, पण भावजींकडे पाहून गप्प बसले.

भावजी एवढंच म्हणाले, "मुलगा चांगलाच आहे हो वहिनी, पण तयार व्हायला त्याला दोन-तीन वर्षं लागतील."

"मग थांबा की. घाई कसली आहे?"

"तेही खरंच," म्हणाले आणि चहा मागितला.

त्या सीझनला ते शेवटून दुसरे आले. आमचे दोन म्हातारे मात्र असे काही खेळले की हेच जिंकले. फेब्रुवारीत भावजी गेले.

अंत्यविधीहून परत येताना गाडीत ह्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी भावजींना जूनमध्येच सांगितलं होतं, आणि कोणाला कळू द्यायचं नाही अशी त्यांनी ह्यांना शपथ घातली होती. एकदा तरी जिंकायचं होतं त्यांना, बस्स. पुढच्या वर्षी ह्यांनी लीग सोडली. जिंकलेला कप कायम गॅरेजमध्येच राहिला, पेंटच्या डब्यांमागे... मला मात्र हे एका शब्दाने कधी बोलले नाहीत.

काल नातीला फोन केला. म्हटलं, दोघींना विचार, त्यांना जे मिळतंय तेच हवंय का. हो म्हणाल्या तर त्यांच्यावर विश्वास ठेव.

"दॅट्स इट, आजी?"

हो गं, एवढंच... मला तेवढंही जमलं नव्हतं.