मी मृत लिहिलेला उपग्रह

आमच्या कामात ‘मृत’ हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरावा लागतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. बंद पडलेला उपग्रह मृत. रॉकेटचा सुटून फिरणारा तुकडा तर जन्मतःच मृत. प्रताप नगरातल्या घरी, मागच्या खोलीत कूलरसमोर बसून मी या सगळ्या मंडळींच्या वाटा सांभाळते. दोघं एकमेकांच्या फार जवळ जाणार असं दिसलं की उपग्रहाच्या मालकाला चार दिवस आधी सूचना पाठवायची, हे माझं काम. कंपनी परदेशी आहे. नातेवाइकांना अजून वाटतं की मी हवामान खात्यात आहे.

सूचना फार झाल्या होत्या, हे खरं. बहुतेक वेळा काहीच घडत नसे, आणि रोज ‘लांडगा आला रे आला’ ऐकून मालक लोक निर्ढावले होते. ही सेवा सुधारायचं काम माझ्याकडे आलं. मी नियम काढला: मालकाला तीन मेल पाठवायचे, एकाचंही उत्तर आलं नाही तर उपग्रह मृत धरायचा. मृताला सूचना नाही, कारण मेलेला काही बाजूला सरकत नाही. सूचनांची गर्दी झपाट्यानं कमी झाली. बैठकीत वरिष्ठांनी कौतुक केलं आणि मी दोन दिवस घरात जरा मोठ्या आवाजात बोलत होते.

कळमेश्वरच्या रस्त्यावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचाही उपग्रह होता, तांदळाच्या लहान डब्याएवढा. तो वर गेला तेव्हा नागपुरातली जाणकार बाई म्हणून मला तिथे हार घालायला बोलावलं होतं. तो चालवायचे निवृत्तीला आलेले एक सर आणि शेवटच्या वर्षाची एक मुलगी, तिथल्याच एका शेतकरी घरातली. डब्याला इंजिन नव्हतं, पण तो आडवा-उभा वळवता येई. उभा केला की वरच्या विरळ हवेचा अडथळा कमी होतो आणि चार दिवसांत तो ठरल्या जागेपासून काहीशे मीटर सरकतो. हे मला त्या मुलीनं वहीत चित्र काढून समजावलं होतं. मला ते ठाऊक होतं, तरी मी पूर्ण ऐकून घेतलं, इतकी ती छान सांगत होती.

माझे तीन मेल गेले ते मे महिन्यात, कॉलेजच्या ऑफिसच्या पत्त्यावर. मे महिन्यात ऑफिसला कुलूप. सर आणि ती मुलगी मात्र रोज पहाटे साडेपाचला गच्चीवर चढायचे, डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाशी बोलायचे आणि ऊन चढायच्या आत घरी जायचे. नागपूरचा मे परदेशी कंपनीला माहीत नसेल, मी तर इथलीच. मृत धरायच्या उपग्रहांची यादी मंजुरीसाठी माझ्यासमोर आली तेव्हा मी तो ओळखला. सरांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. दुपारचे दोन वाजले होते. सर झोपले असतील, संध्याकाळी करू, असं म्हणून मी आधी मंजुरी देऊन टाकली. संध्याकाळी कूलरची मोटर बंद पडली आणि मी मेकॅनिकच्या मागे लागले. फोन राहिला तो राहिलाच.

पुढच्याच आठवड्यात एका जुन्या रॉकेटचा तुकडा त्याच्या वाटेत आला. आमच्या संगणकानं चार दिवस आधी ते बरोबर ओळखलं आणि माझ्या नियमाप्रमाणे कुणालाही कळवलं नाही. तुकडा वाटेत आला त्याच दिवशी पहाटे त्या मुलीनं उपग्रहाच्या कॅमेऱ्यासाठी नवा आदेश पाठवला होता. दुसऱ्या दिवशी उपग्रह बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या पडद्यावर त्याच्या वाटेवर दोन नवे तुकडे दिसले. मी खुर्चीतून उठले आणि उगाचच स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

संध्याकाळी सरांचा फोन आला. त्यांना ना टक्कर माहीत होती, ना माझी यादी. म्हणाले, आपला उपग्रह गप झाला आहे, तुमच्या बाजूनं काही दिसतं का. मग त्यांचा आवाज खाली आला.

“पोरगी जेवून नाही राहिली, मॅडम. तिले वाटते तिच्या आदेशानंच बॅटरी जळली. पुण्याले पुढच्या शिक्षणासाठी सिलेक्शन झालं हाये तिचं, आता म्हणते मी कोण्या तोंडानं जाऊ.”

मी म्हणाले, “अजून काही स्पष्ट नाही. बघते.”

स्पष्ट होतं. पडद्यावर दोन ठिपके माझ्या डोळ्यांसमोर होते. मी घाबरले होते, याहून चांगलं कारण मला देता येत नाही. नोकरीची भीती कमी आणि सरांच्या नजरेतून उतरण्याची जास्त. कंपनीच्या अहवालात तर माझ्यावर ठपकाही आला नाही: मृत वस्तू, सूचनेचा प्रश्न नाही. नियम चोख पाळला गेला होता. ते वाचून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज अजून जात नाही. कुणाला मृत लिहिण्याआधी फोन करायचाच, असा नवा नियम मी गुपचूप घातला. तोही माझ्या नावावर सुधारणा म्हणून जमा झाला. सरांना मात्र रोज ‘उद्या सांगू’.

असे तीन आठवडे काढले. शेवटी एका सकाळी काहीच खाल्लं नाही आणि गाडी काढून कॉलेजला गेले. सर नव्हते. मुलगी गच्चीवर एकटीच अँटेनाच्या तारा सोडवून गुंडाळत होती. स्टोअरमध्ये जमा करायच्या आहेत, म्हणाली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: नियम, यादी, न केलेला फोन, तुकडा, दोन ठिपके. तुझ्या आदेशाचा काही संबंध नाही, हे दोनदा सांगितलं.

ती तारेचं भेंडोळं हातात धरून खाली बसली. ती रडेल, चिडेल, असं मला वाटलं होतं.

“म्हणजे मी त्याले नाही मारलं,” ती म्हणाली. मग भेंडोळं बाजूला ठेवून, “तुमाले हे कधी कळलं, मॅडम?”

“तिसऱ्या दिवशी.”

“मी पुण्याची सीट या सोमवारी सोडली.”

मी म्हणाले, मी आत्ता त्यांना फोन करते, पत्र लिहिते, माझी चूक होती म्हणून सांगते. तिनं मान हलवली. ती जागा दुसऱ्या दिवशीच यादीतल्या पुढच्या मुलाला गेली होती. सोडण्याचं कारण लिहून द्यावं लागलं होतं, आणि ते आता तिच्या नावावर तिथे राहणार होतं. काय लिहिलंस, मी विचारलं.

“हेच, का माह्या चुकीनं उपग्रह मेला.”