बिजलीबाईचं घुंगरबन

बोरी अरबच्या शिवारात सदाशिवरावांच्या कपाशीत मी डवरा हाकायचो. डवऱ्यानं दोन ओळींमधलं तण निघतं, झाडाच्या बुडाचं राहतं. ते खुरपं घेऊन हातानं, मुळासकट काढावं लागतं; हेच निंदण. त्यासाठी बंजाऱ्यांच्या तांड्यावरून बिजलीबाई बायांची टोळी घेऊन यायची.

आर्णीकडून ती लग्न होऊन आली तेव्हा निंदणात सगळ्यांत मागं असायची. बाकीच्या पुढं निघून जात. त्यांनी थांबावं म्हणून तिनं एका जंगलाची हकीकत सुरू केली. बाया थांबल्या. पुढं तिचा हात सगळ्यांत चपळ झाला, पण जंगल सुटलं नाही.

ते जंगल कुठंच नव्हतं, तिनंच रचलेलं. नाव घुंगरबन. उत्तरेला मिठाचा डोंगर, दक्षिणेला काचेसारखं तळं. मधली नदी दिवसा पश्चिमेला वाहायची आणि रात्री उलटी. फार पूर्वी मीठ वाहणाऱ्या एका तांड्याच्या बैलांची घुंगरं तिथं तुटून पडली आणि त्यांतून झाडं उगवली. त्यांच्या शेंगा वाऱ्यावर वाजत. त्या आवाजावर पुढचे तांडे वाट ओळखत.

प्रत्येक बाईच्या वाट्याला ज्या ओळी येतात, त्या मिळून तिची पात. बिजलीबाईच्या हिशेबानं प्रत्येक पात म्हणजे बनातली एक दरी. तण निघालं की दरी मोकळी, तांडा पुढं. केना हे तण मात्र उपटून तिथंच टाकलं तर पुन्हा मूळ धरतं. ते शेताच्या कडेला, धुऱ्यावरच न्यावं लागतं.

"जमने, तुह्या दरीत बैल अडकले, पाह्य!" बिजलीबाई ओरडायची.

"याडी, एकच काडी राह्यली ना!" जमनी म्हणायची. टोळीतल्या सगळ्याच तिला याडी, म्हणजे आई, म्हणत.

"मंग एकच बैल अडकला. जाय, सोडव त्याले."

जमनी हसत मागं जायची.

दोन वर्षांपूर्वी सदाशिवरावांनी धुऱ्यावरून हा हशा ऐकला.

"तोंडं चालून राह्यली का हात? उद्यापासून गोष्ट बंद. नाही तर पुढच्या साली तणनाशकच मारतो. त्याले गोष्ट लागत नाही."

टोळीचं पावसाळ्याचं काम त्या एका बोलण्यावर होतं. बिजलीबाई म्हणाली, "बंद तर बंद, मालक."

वावर गप झालं. काम वाढेल असं सदाशिवरावांना वाटलं असेल. झालं उलट. गोष्ट ऐकायची म्हणून सगळ्या एका रांगेत राहायच्या. आता कोणी पुढं जाऊन धुऱ्यावर बसली, कोणी मागं रेंगाळली. केना तासातच, दोन ओळींच्या मधे पडला आणि कोणी कोणाला टोकलं नाही. मी डवरा घेऊन मागून गेलो तर बुडाशी हिरवंच. ते मालकांनी स्वतः पाहायला हवं होतं.

त्यांनी पाहिलं. "हे काय निंदण झालं? आधी तर चांगलं होत होतं!"

"आता तोंड बंद हाय ना, मालक," जमनी म्हणाली.

सदाशिवराव जरा घुटमळले. मग हळूच विचारलं, "तो तांडा तळ्यापाशी थांबला होता. पार झाला का?"

बाया हसून लोटपोट झाल्या.

"रिकाम्या हाताले सांगत नाही," बिजलीबाईनं खुरपं पुढं केलं. "धरा पात."

ते बसले, तशी ती सुरू झाली. "घुंगरबनात एक राजा झाला. त्याले आवाजाचा लय तरास. त्यानं सगळ्या शेंगा तोडाले लावल्या. बन गप झालं, वाटा हरवल्या. त्याच्याच मिठाचे बैल वाड्याभोवती घुमत राह्यले. राजा अळणी जेवे."

"किती दिवस?" सदाशिवरावांनी मान वर न करता विचारलं.

"ते तुमच्या हातात हाय. मागं पाहा."

मागं त्यांच्या तासात केना पसरला होता. कमरेवर हात देत ते उठले, कवळ भरून धुऱ्यावर टाकून आले. दोनदा गेले. काम कच्चं होतं, पण सोडलं नाही. त्यांची पात संपली तेव्हा राजा स्वतःच्या हातानं झाडांना घुंगरं बांधत होता आणि शेत पुन्हा एका रांगेत चाललं होतं.

तणनाशक आलं नाही. पुढच्या साली पेरणीआधीच सदाशिवराव तांड्यावर जाऊन टोळी ठरवून आले. वर अट घातली, "तळ्यापलीकडचा मुलूख मी नसताना सांगायचा नाही."

बिजलीबाईनं मान्य केलं. मालकांनी मात्र सकाळी टोळीच्या आधी वावरात हजर असावं, एवढं तिनं बोलीत घालून घेतलं.