आम्ही मैत्रिणी आहोत, असं मी लिहिलं

जोगेश्वरीच्या मंडळाच्या हॉलमध्ये मी आणि माझी मैत्रीण एकत्रच बॉक्सिंग शिकलो. पुढे ती अंधेरीतल्या एका एमएमएच्या जिममध्ये गेली. तिथे ठोसे, लाथा, जमिनीवरची झटापट, सगळंच चालतं. मी बॉक्सिंगमध्येच राहिले. त्यावरून आमचं कधी वाजलं नाही. रविवारी मी तिच्या जिममध्ये जायचे, आम्ही थोडं खेळायचो आणि घामट कपड्यांतच खाली उसाचा रस प्यायचो.

अशाच एका रविवारी तिने मला पाडलं आणि माझा हात मांड्यांत धरून मागे ताणला. मी मॅटवर थाप मारली, म्हणजे सोड आता. तिने लगेच सोडलं. हसतच उठलो आम्ही. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होता. आमचं हसणं कापून त्याने तो नेटवर टाकला. वर लिहिलं, ‘बॉक्सिंग संपलं.’

दुसऱ्या दिवशी पवईला ऑफिसात डबा खाताना मी तो पाहिला. खाली माणसं एकमेकांची आई-बहीण काढत होती. बॉक्सिंगवाले म्हणत होते, ती एमएमएवाली उभ्याने लढली असती तर बॉक्सरने तिला झोपवलं असतं. एमएमएवाले म्हणत होते, रस्त्यावर रेफरी येतो का वाचवायला? कुणी माझ्या बाजूने होतं, कुणी विरुद्ध. वाचताना मला काहीच वाटलं नाही. भाजी गार झाली, तेवढं कळलं.

तिचा फोन आला. “तू सांग ना यार त्यांना, आपण खेळत होतो. माझी वाट लावलीय लोकांनी.”

मग मी लिहिलं, ‘व्हिडिओतली मुलगी मीच. आम्ही मैत्रिणी आहोत. हा सराव होता.’

पहिलं उत्तर आलं, ‘फेक आयडी.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘खरी बॉक्सर असं बोलणारच नाही.’ मी तिला ते दाखवलं. ती हसली नाही.

घरी बाबांनाही शेजाऱ्याने व्हिडिओ दाखवला होता. ते मालवणीतच म्हणाले, “तुझ्यावरसून लोक भांडतत कित्याक गो?”

“माका म्हायत नाय,” मी म्हटलं आणि कुकर लावला.

पुढच्या आठवड्यात तिच्या जिमच्या मालकाचा फोन आला. कॅमेऱ्यासमोर पुन्हा लढत ठेवू, बॉक्सर विरुद्ध एमएमए, लोक वाट बघतायत. मी नाही म्हटलं. संध्याकाळी ती म्हणाली, “मी हो म्हटलंय.”

“माझ्याशी लढायला?”

“तू नाहीस तर दुसरी कुणी. चान्स सारखा येत नाही गं.”

मी “बरं” म्हटलं. राग यायला हवा होता. मी त्याची वाट बघत बसले, पण तो आला नाही.

माझ्या जागी आमच्याच हॉलमधली एक मुलगी गेली. ती लढत मी आरेतून जाणाऱ्या बसमध्ये फोनवर पाहिली. मध्ये झाडीत नेटवर्क गेलं. परत आलं तेव्हा माझी मैत्रीण खाली बसली होती आणि तिच्या नाकातून रक्त येत होतं. आता बॉक्सिंगवाले नाचत होते. मला उद्देशून कुणीतरी लिहिलं होतं, ‘ताई, बदला घेतला.’

दोन दिवसांनी मी घाटकोपरला तिच्या घरी गेले. तिच्या नाकावर पट्टी होती, डोळ्यांखाली काळंनिळं. तिच्या आईने चहा दिला आणि आत निघून गेली.

“दुखतंय?”

“बोलताना.”

मी चहा संपवला. टीव्हीवर कसलीतरी मालिका चालू होती, आवाज बंद. निघताना ती म्हणाली, “रविवारी येशील?”

“बघते,” मी म्हटलं.

त्या रविवारी मी झोपून राहिले. नंतरही गेले नाही. आमचं भांडण झालंय असं हॉलमध्ये सगळ्यांना वाटतं, आणि मीही कुणाला नाही म्हणत नाही.