शकूताई आणि ट्रायझोलचं अमाइड

माझं ठरत आलेलं लग्न शकूताईनं एका काचेच्या नळीनं लांबवलं होतं.
आज सकाळी कुरुंदवाडला ती वारली.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचं कोल्हापूर. मी मुरगूडची, केमिस्ट्रीत पीएच.डी. करायला आलेली. शकूताई त्याच लॅबमध्ये, मला दोन वर्षं सीनियर.

काम एवढंच. ट्रायझोल या नायट्रोजनवाल्या रेणूचं कार्बॉक्सिलिक ॲसिड घ्यायचं, अमोनिया जोडून त्याचं अमाइड हे नवं संयुग करायचं.
सांगायला एक ओळ. माझे आठ महिने गेले.

पुस्तकातल्यासारखं ॲसिड थायोनिल क्लोराइडमध्ये उकळायचे, मग अमोनिया. दरवेळी फ्लास्कच्या तळाशी तपकिरी चिकटा. रेणू अमोनियाला सोडून एकमेकांनाच धरून बसायचे.

त्यात आप्पांचं पत्र. माझे वडील. 'दिवाळीपर्यंत काही जमलं तर ठीक. नाहीतर घरी ये. स्थळ चांगलं आहे.'

पत्र वाचून मी खिडकीशी बसून राहिले. शकूताईनं माझा फ्लास्क उचलून उन्हात धरला.

"किती तापवतीस गं त्याला? आधी एस्टर कर. मग ते अमोनियात घाल, बूच लाव आणि गप बस की."

"गप बसून हुतंय व्हय?"

"हुतंय. बघ तर."

ॲसिडचं एस्टर, म्हणजे त्याचं मवाळ रूप, केलं. अमोनिया भरलेल्या मिथेनॉलमध्ये सोडलं. बूच दोऱ्यानं बांधलं.

मग तीन दिवस काहीच नाही.

त्या तीन दुपारी माझ्या आत कुठंतरी अजून चालूच आहेत. पंखा संथ फिरतोय. लांबून गुऱ्हाळाचा गोड वास येतोय. उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकत भिंतीवर चाललाय. आम्ही दोघी स्टुलावर, न बोलता.

तिसऱ्या दुपारी तळाशी पांढरं धुकं दिसलं.
मग धुक्याला टोकं फुटली.
सुया. शुभ्र, बारीक सुया.

मेल्टिंग पॉइंट एकाच अंशावर, म्हणजे शुद्ध. आयआर किरणांच्या तपासणीत अमाइडची खूण स्वच्छ. मी रडले.

रविवारी शकूताई म्हणाली, "चल, मुरगूडला." चिमूटभर अमाइड नळीत घालून एसटीनं थेट आमच्या घरी.

आप्पांनी नळी हलवून बघितली. "मिठागत दिसतंय. उपेग काय ह्येचा?"

"अजून म्हाईत न्हाय, आप्पा. पण आजवर ह्ये कुणी केलेलं न्हाय. तुमच्या पोरीनं केलंय."

आप्पांनी नळी उन्हात धरली. मग आईला म्हणाले, "पावण्यांना कळवू, पोरगी शिकतीया म्हणून."

माझा व्हायव्हा झाल्यावर आमच्या गाइड सरांकडून कळलं. तो एस्टरचा मार्ग शकूताईनं स्वतःच्या थिसिससाठी शोधला होता. मला दिला, म्हणून तिला विषय बदलावा लागला. ती दोन वर्षं मागं पडली.

मी तशीच पळत गेले. "का केलंस असं?"

ती ब्युरेट धूत होती. मागं न बघता म्हणाली, "तुला घरी न्यायला माणसं हुती. मला कोण न्यायला येणार हुतं?"

आणि हसली.
मीही हसले. त्या हसण्यामागचं एकटेपण तेव्हा मला कळलंच नाही.

शकूताई, सावकाश जा.
तुला माझा वाकून नमस्कार.