लिंबावरून गाडी

खंडेनवमी. सकाळी सात वाजता लातूरला मालकाच्या आवारात मी बारा चाकी ट्रक धूत होते. या दिवशी गाड्यांची पूजा होते. शेवटी चाकांखाली लिंबं ठेवतात आणि ड्रायव्हर ती चिरडत गाडी पुढे काढतो.

ही गाडी आठ वर्षं मी चालवली. आधी नवरा चालवायचा. तो गेला, मी लायसन्स काढलं. हैदराबाद, नागपूर, नांदेड. रस्त्यावर बाईला आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नव्हते. मूतखडा झाला. तशीच चालवली. दर पूजेला बाहेर भाड्यावर असायचे. यंदा पहिल्यांदाच हजर होते.

लिंबं ठेवली, मी केबिनमध्ये चढले. मालकाची आई ओरडली, "उतर खाली! एक तर बौद्ध, त्यात रंडकी. पूजेच्या गाडीवर कामून चढलीस?"

उतरले. तिने माझ्या सीटवर, स्टिअरिंगवर गोमूत्र शिंपडलं.

"मावशी, मनावर घेऊ नका," मालक म्हणाला. "बालाजी काढंल गाडी."

बालाजी मालकाच्या दुसऱ्या ट्रकवर. त्याला गाडी मी शिकवली. तो माझ्याकडे न बघता चढला. गाडी बंद पडली. पुन्हा लावली, पुन्हा बंद. या गाडीचा क्लच आता पार वर आल्यावर धरतो. रोज न चालवणाऱ्याला कळत नाही. बाकीचे ड्रायव्हर हसले. "बाल्या, लिंबू हाय का धोंडा?"

"मावशी, खालूनच सांगा की त्याला," मालक म्हणाला. "हात नगा लावू."

आणि मी सांगितलं. "अजून सोड क्लच. आता रेस दे." लिंबं फुटली. पेढे वाटले. माझ्या हातावर पेढा वरून टाकला.

गोमूत्र शिंपडलं तेव्हा गप्प होते. आता स्वतःचाच आवाज कानात वाजत होता. मला खाली उभी करून माझं काम माझ्याच तोंडून करून घेतलं. मी करू दिलं.

"चढा मावशी," मालकाने हाक मारली. "सोयाबीन भरायचंय."

"न्हाई चढत."

"आता काय झालं? पूजा झाली की."

"म्हणूनच. पुन्हा बाटंल. तुमच्या आईला बसवा."

"माज बघा हिचा," म्हातारी म्हणाली. "कोन देतंय हिला गाडी?"

पेढा बंपरवर ठेवला. बालाजीकडून माझं अंथरूण खाली मागवलं आणि नांदेडची एसटी धरली.

दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडला ट्रान्सपोर्टची ऑफिसं फिरले. कामाचं बोलण्याआधीच सांगितलं, मी बौद्ध आहे, विधवा आहे, पूजेला गाडीवर मीच बसेन. पहिल्याने हात जोडले. दुसरा म्हणाला, "बाई, गाडी चालवायला आलाव का भांडायला?"

मी तिसऱ्याच्या पायऱ्या चढले.