जवसाचा धूर

मले यातलं काही सांगाचं नव्हतं. पण मोहाडीच्या बाजारात चहा प्याले बसलो की कोणी ना कोणी खोदतेच, "आबाजी, तुमाले मशीनवरून काहून काढलं?" अन् मागून दुसरा, "खोटं बोलले म्हणून!" मी खोटं बोललो नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. किस्से चुलीवरच्या जाळ्यासारखे असतात. एक झाडाले जावं, तर चार आणखी लोंबून राहिले!

*

आमच्या समाजमंदिराच्या स्लॅबवर हवा ओढणारी मशीन बसवली होती. मी चौकीदार. भोजराज ऑपरेटर, तो तिच्यातला पांढरा गोल फिल्टर बदलायचा. नागपूरच्या कुंभलकर मॅडम तो लॅबमध्ये तपासायच्या अन् सांगायच्या, हवेतला बारीक धूर कशाचा. राइस मिलच्या भुशाचा, गाड्यांचा, धानाचं तणस जाळल्याचा, की चुलीचा. तळणाचाही वेगळा कळते म्हणे!

मशीन दिवसभर घुं घुं करे. शेजारची म्हातारी कौसल्या तिच्याखालून जाताना तोंडावर पदर धरे.

म्हटलं, "काहून वो? चावते का?"

"नुसता श्वास ओढते, सोडत नाही," म्हणाली. "माणसाचं असं झालं की घरचे गंगाजल काढतात."

*

श्रावणात मॅडमनं पंचायतीत सांगून टाकलं, "सोमवारी दुपारी गावात मटण शिजलंय."

सगळे एकमेकाच्या तोंडाकडे पाहून राहिले. भजनी मंडळाच्या बुवानं मले बाजूले घेतलं. "आबाजी, त्याच्यात नाव पण येते का?"

"नाव नाही येत. वारा कुठून होता तेवढं येते."

दुसऱ्या दिवशी बुवानं रांधणीची खिडकी बुजवली अन् पल्याडच्या भिंतीत नवी फोडली!

*

मग मॅडम घरोघरच्या चुलीचा धूर वेगवेगळा धरू लागल्या. नमुना जवळ असला की पुढं ओळख पटते.

सगुणा वहिनी, माझ्या मेलेल्या दोस्ताची बायको, घरात एकटीच. साऱ्या गावाचं तेल सोयाबीनचं, हिचं एकटीचं जवसाचं. तिनं वडे तळले अन् दोन ताटं मांडली.

मॅडम म्हणाल्या, "दुसरं कोणाचं?"

"घरधन्याचं." वहिनीनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलंच नाही, दाराकडे पाहिलं.

मग मॅडमपुढं वडा धरला.

"नको हो, मी तेलकट खात नाही."

वहिनी हसली. "आज नाही तं नाही. तुमचा ठेवून देतो, बाई."

*

पोळ्याच्या आधी वहिनी गेली. लेकानं घराले कुलूप ठोकलं अन् पुण्याले निघून गेला.

दिवाळी झाली अन् मॅडमचा फोन. "जवसाचा धूर आलाय! वारा सगुणाबाईंच्या घराकडून."

भोजराज अन् मी भर दुपारी गेलो. कुलूप गंजलेलं. खिडकीच्या फटीतून पाहिलं, चुलीवर वाळवी चढली होती. भोजराजनं दाराची कडी हलवली अन् बोटं चोळत राहिला. मग मीही हात लावला.

कडी तेलकट होती. तेल ताजं.

"आबाजी, हात धुऊन घ्या," तो हळूच म्हणाला, "अन् मॅडमले सांगू नका."

मी सांगितलं.

*

मॅडम आल्या त्या तापूनच. सगळ्या गावादेखत म्हणाल्या, "आजोबा, मशीनजवळ तुम्हीच तळण केलंत. वर भुताच्या गोष्टी सांगता? खोटं बोलायची लाज वाटत नाही?"

"मॅडम, मले चहा ठेवता येत नाही. वडे कुठून तळू?"

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. मशीन उचलून दुसऱ्या गावाले, कारध्याले नेली अन् मले घरी बसवलं. या वयात नोकरी गेल्याचं मले काही नाही. पण ज्या गावात माझ्या शब्दावर लोकांनी बांध सरकवले, तिथं आता पाठीमागं "खोटारडा" ऐकू येते.

*

पुढचं मले भोजराजनं सांगितलं.

कारध्यात मशीन एका छतावर बसवली, तिथं मॅडमनं आधी कोरा फिल्टर ठेवला. म्हणजे मशीन बंदच. नुसता ठेवाचा अन् काढाचा, हाताळताना काही चिकटते का पाहाले. ठेवला त्यांनीच. कुलूप त्यांचं, किल्ली त्यांच्याच पर्समध्ये. नागपूरले तपासलाही त्यांनीच.

जवस!

पुन्हा तपासला. पुन्हा जवस.

मग भोजराजले फोन. आवाज एवढासा. "भोजराज, मी कालपासून काही खाल्लं नाही रे. जवसाचं तेल... चवीला कडसर असतं का?"

"हो जी मॅडम, थोडं कडसरच. काहून?"

पलीकडून श्वास ओढल्याचा आवाज आला, सोडल्याचा नाही. मग फोन कट.

माझा नंबर आहे त्यांच्यापाशी. गावादेखत मले खोटारडा म्हटलं, आता गावादेखतच "चुकलं" म्हणा, कुंभलकर मॅडम.